दहाची मोळी

आमच्या वेळी डी.एड.ला टाचणाचं, म्हणजे पाठाआधी लिहून काढायच्या आराखड्याचं, फार प्रस्थ होतं. पानावर उभ्या रेघा मारून रकाने पाडायचे. एका रकान्यात शिक्षककृती, शेजारी विद्यार्थीकृती. 'शिक्षक प्रश्न विचारतात' याच्या समोर 'विद्यार्थी उत्तर देतात', आणि ते उत्तरही आपणच आदल्या रात्री लिहून ठेवायचं. माझं अक्षर बरं, त्यामुळे माझी टाचणवही होस्टेलभर फिरायची. त्या वहीतला विद्यार्थी फार गुणी होता. कधी आजारी पडला नाही, भर तासात लघवीला जाऊ का म्हणाला नाही, त्याची आई घरी कुठली बोली बोलते हा तर प्रश्नच नव्हता. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, तो मुलगा मला अजून भेटायचा आहे.

शाळा कृष्णाकाठची, मळ्यातली. चार वर्ग, दोन खोल्या, आम्ही दोघं. तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळीपर्यंत दोन्ही वर्ग मिळून मुलं चौदा. सुट्टी संपून शाळा उघडते तोवर कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो आणि ओढ्यापलीकडच्या पड रानात कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिलेल्या असतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या. मग एखाद्या सकाळी परिपाठ चालू असताना फाटकाशी सात-आठ मुलं येऊन उभी राहतात. दप्तर असतं, नसतं. चौदाची बावीस होतात. पट साठच्या आत असेल तर शिक्षक दोन, असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशोब आहे. हंगामात आमच्या अख्ख्या शाळेचा पट चाळिशीत जातो, म्हणजे कागदावर आम्ही सुखात.

तीन हंगामांपूर्वी ती अशीच आली. वय नऊ. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, म्हणून चौथी. वाचन म्हणाल तर पहिलीचं. काखेत वर्षा-सव्वा वर्षाचा भाऊ. आईबाप पहाटे तीनला फडात जाणार, मग त्याला कोपीवर कुणाजवळ ठेवायचं? म्हणून तोही शाळेत. हजेरीपटात त्याचं नाव नव्हतं, पण त्या वर्षी माझ्या वर्गातला सगळ्यात नियमित विद्यार्थी तोच.

पहिल्याच आठवड्यात मी तिच्यासमोर चित्रकार्डं मांडली. घर, गाय, विहीर, भाकरी. घर म्हणाली. विहिरीला 'हीर' म्हणाली, ते इथलीही अर्धी मुलं म्हणतात. भाकरीच्या कार्डाशी अडली. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली, 'बाटी' असं ऐकू आलं. आणि मी, सोळा वर्षं शिकवत आलेली बाई, चटकन म्हणाले, "बाटी नाही गं, भाकरी. म्हण, भाकरी."

ती म्हणाली भाकरी. त्यानंतर तीन आठवडे ती वर्गात काहीच बोलली नाही. शेजारचा पोरगा मला समजावून सांगायला लागला, "बाई, तिला मराठी येत न्हाई." मलाही ते सोयीचं वाटलं. आकारिक नोंदींच्या वहीत मी लिहिलं, 'लाजाळू. प्रतिसाद कमी.'

एका संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना कोप्यांजवळ रस्त्याकडेला ती दिसली. उसाचे वाढे, म्हणजे गुरांना घालायचे हिरवे शेंडे, विकायला बसली होती. समोर गावातला एक बाप्या गाडी लावून उभा, आणि ही त्याच्याशी कचाकचा भांडत होती, शुद्ध कृष्णाकाठी मराठीत. "मोजून घ्या की मग!" म्हणत पाच-पाच पेंढ्यांचे ढीग त्याच्यापुढे टाकत होती. मधेच मागे वळून भावावर ओरडली ते गोरबोलीत. पुन्हा इकडे मराठी. एवढ्याशा जागेत दोन भाषा आणि एक हिशोब, आणि कुठेही अडखळणं नाही. मला बघितल्यावर मात्र ती परत माझ्या वहीतली लाजाळू मुलगी झाली.

गोर बंजाऱ्यांच्या बोलीत भाकरीला बाटीच म्हणतात. म्हणजे उत्तर बरोबर होतं. चित्र ओळखलं होतं, नाव सांगितलं होतं, आणि बाईंनी 'नाही' म्हटलं होतं. त्या नाहीचा अर्थ तिनं काय लावला असेल? बहुधा हाच, की या जागेत घरचं चालत नाही. मुलं फार लवकर समजतात हे, आणि एकदा समजलं की आपण किती गोड बोललो तरी तोंड उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. वर लिहिलं, 'आमच्या घरी काय म्हणतात?' पहिली ओळ मीच लिहिली: भाकरी – बाटी. तिच्याकडे न बघता. मधल्या सुट्टीनंतर बघते तर खाली वेड्यावाकड्या अक्षरात 'आइ – याडी'. ते तिचं नव्हतं, तिच्या टोळीतल्या एका मुलाचं होतं. पण पुढच्या चार दिवसांत जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. माझी चौदा मुलं, जी मी एकसारखी धरून चालले होते, तीही लिहायला लागली. एकीची आजी कर्नाटकातली, तिच्याकडे भाकरी म्हणजे 'रोट्टी'. एकाकडे आई म्हणजे 'अम्मी'. एकानं तर वस्तीवरच्या दोन घरांतले शब्दच वेगळे म्हणून दोन ओळी भरल्या. म्हणजे बीडची मुलं येण्याआधीही माझा वर्ग एका भाषेचा नव्हताच. मीच तो तसा धरला होता, कारण टाचणात रकाना एकच होता.

या मुलांसाठी पूर्वी कारखान्यांजवळ हंगामापुरत्या साखरशाळा चालायच्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, तेव्हा त्यांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घालायचं ठरलं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. सगळ्यांच्या पोरांची शाळा एकच असावी. पण साखरशाळेत अख्खा वर्गच टोळीतला, त्यामुळे शिकवणाऱ्याला त्यांच्या वेळेनं आणि त्यांच्या बोलीनं जावंच लागे. आमच्याकडे ती 'आणखी आठ' होऊन येतात. वर्ग तोच, पुस्तक तेच, घंटा तीच. त्यात आठ जणांनी बसून घ्यायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर डी.एड.ला आम्हाला टीप यायची. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेलं, आदिवासी मुलं गुरांमागे असायची म्हणून गुरं चरतात तिथेच शाळा नेली, तिचं नाव कुरणशाळा. मी ते चार ओळींत पाठ करून गुण मिळवले होते. कोप्यांजवळच्या त्या संध्याकाळनंतर मला कुरणशाळा पहिल्यांदा कळली असं म्हटलं तर चालेल. माझी शाळा मी फडात नेऊ शकत नाही. पोषण आहार आहे, हजेरी ऑनलाइन भरायची आहे. मी एवढंच केलं, की गणिताचा तास हलवला. गणित सकाळी पहिल्यांदा घ्यावं, तेव्हा डोकं ताजं असतं, हा शाळांचा जुना नेम. कुणाचं ताजं असतं? ही मुलं पाणी भरून, धाकट्यांना खाऊ घालून अकराला पोचायची, तोवर गणित संपत आलेलं असायचं. आणि मी त्यांच्या नोंदीत 'गणित कच्चे' लिहीत होते. तास जेवणानंतर घेतला. वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं होतं, ते खाडाखोड करून तसंच ठेवलं. केंद्रप्रमुखांनी विचारलं तेव्हा सांगितलं. ते हं म्हणाले.

आता गणिताचंच सांगते, कारण खरी गंमत तिथे झाली.

संख्यालेखन चाललं होतं. मी म्हटलं, "एकोणतीस." तिनं लिहिलं ३९. मी म्हटलं, "बेचाळीस." तिनं लिहिलं २४. लाल पेन उचललं आणि थांबले. कारण दोन्ही चुका इतक्या नीटनेटक्या होत्या! 'एकोण' म्हटलं की नऊ असतात एवढं तिला पाठ होतं. पुढे 'तीस' ऐकू आलं, म्हणजे तीन. झाले ३९. बेचाळीसमध्ये आधी 'बे' ऐकू येतो, म्हणून आधी दोन लिहिले, मग चाळिसातले चार. तिनं जे ऐकलं ते इमानदारीनं त्याच क्रमानं लिहिलं. आपली मराठी आधी एकक बोलते आणि लिहिताना आधी दशक लिहायला लावते. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, ही वजाबाकी शब्दाच्या पोटात दडलेली. बरं, नियम तरी शेवटपर्यंत पाळावा? एकोणनव्वदनंतर नव्याण्णवला एकदम पाठ फिरवतो आपण, एकोणशंभर म्हणत नाही. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांच्यात तीन शोधून दाखवा. आपल्याला हे लहानपणी पाढ्यांबरोबर कधी गिळलं ते आठवत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', बासष्टबरोबर 'साठ दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता. विषय विधानसभेपर्यंत गेला. मराठी बुडाली म्हणून लोक हळहळले. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडतात, आणि दक्षिणेतल्या भाषांत असंच वाचन आहे. खरंच आहे. आमच्याकडे मिरजेच्या बाजारात कुणाही कानडी म्हातारीला एकवीस विचारा, 'इप्पत्तोंदु' म्हणेल. इप्पत्तु वीस, ओंदु एक. तिचं काही बुडालेलं नाही.

मी स्वतः त्या वेळी कुठल्या बाजूला होते हे सांगायला हवं. स्टाफरूममध्ये, म्हणजे आमच्या दोन खुर्च्यांमध्ये, मीही हसले होते. 'वीस एक' मला बोबडं वाटलं होतं. आता ३९ आणि २४ समोर होते. मी तिला म्हटलं, "चाळीस दोन लिही." तिनं ४२ लिहिलं. "वीस नऊ." २९. "साठ तीन." ६३. वर बघून हसली. अडचण संख्येची नव्हतीच, पेंढ्या मोजताना ती कधी चुकली नव्हती. अडचण शब्दाच्या उंबऱ्याची होती, आणि तो उंबरा मीच ओलांडून दाखव म्हणत बसले होते. मी बेचाळीस शिकवलं नाही असं नाही. दुकानात, एसटीत बेचाळीसच लागणार. चाळीस दोन म्हणत म्हणत फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस आलं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर शेवटपर्यंत डळमळीत राहिले. ते इथल्या दोघा मुलांचेही राहिले, आणि त्यांची मातृभाषा मराठीच.

दशक दाखवायला मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करते. या मुलांना जवळचं वाटावं म्हणून मी ऐटीत सांगितलं, "हा गठ्ठा म्हणजे आपली मोळी. दहा उसांची एक मोळी."

टोळीतला तो 'याडी' लिहिणारा मुलगा म्हणाला, "दहाची मोळी नसती."

"मग कितीची असते?"

"डोक्याला झेपंल तेवढी. मायची बारकी, बापाची मोठी."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी प्रशिक्षणात ऐकलेलं 'मुलांच्या अनुभवविश्वातून शिकवा' अमलात आणायला गेले होते आणि अनुभवविश्वानं माझी चूक काढली होती. शेवटी तह झाला. शाळेतली मोळी दहाची, फडातली झेपेल तेवढी. मग दशक हा शब्दच वर्गातून गेला. चार मोळ्या दोन सुटे. इथली मुलंही तसंच म्हणायला लागली. हातच्याच्या वजाबाकीत "मोळी सोडू का बाई?" असं विचारायची. पुस्तकातलं 'दशक सुटा करणे' त्यांना आठवायचं नाही, पण मोळी सोडल्यावर ऊस सुटे होतात हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

इथवर वाचून वाटेल, बाईंना सगळं जमलं. तसं नाही. त्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते सांगायला मला जड जातं.

स्तरानुसार गट करायचे असतात. वाचन कुठवर आलं ते बघायचं, अक्षरं, शब्द, वाक्य, उतारा, आणि त्याप्रमाणे मुलं बसवायची. मी गटांना फुलांची नावं दिली, कुणाला कमीपणा नको म्हणून. गुलाब, मोगरा, शेवंती. आठवडाभरात एकानं विचारलं, "बाई, शेवंती म्हंजे ढ न्हवं?" मुलांपुढे फुलं चालत नाहीत.

शेवंतीत आमच्या गावचाच एक मुलगा होता. वाचताना अक्षरं उलटसुलट करायचा, एक ओळ वाचून घामाघूम व्हायचा. त्याला मी सोपं द्यायला लागले. इतरांना उतारा, त्याला चार शब्द. इतरांना पाच गणितं, त्याला दोन. तो खूश, मी खूश, रडारड नाही. असं दिवाळीपासून मार्चपर्यंत चाललं. मार्चमध्ये एकदा मी विहिरीतल्या कासवाची गोष्ट वाचून दाखवत होते, आणि गोष्ट अर्ध्यावर असताना त्यानं शेवट सांगितला. का तसा होणार तेही सांगितलं. सगळ्या वर्गात एकट्यानं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाच महिने मी त्याचं वाचन सोपं करता करता त्याचा विचारही सोपा करून टाकला होता. त्याला उतारा वाचता येत नव्हता. ऐकता येत होता. उत्तर लिहिता येत नव्हतं. सांगता येत होतं. मी वाचून दाखवायचं आणि त्यानं तोंडी सांगायचं, एवढंच करायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला चार शब्दांच्या कुंपणात प्रेमानं बसवून ठेवलं. 'मुलाच्या पातळीला येऊन शिकवणे' हे वाक्य मी तेव्हापासून जपून वापरते. पातळी कसली, हे आधी विचारावं लागतं.

आणि गुलाबातल्या त्या दोघी. दहा मिनिटांत सगळं करून हाताची घडी घालून बसणाऱ्या. त्यांना मी काय दिलं? "झालं? मग त्याला मदत कर." वर्षभर मी त्यांच्याकडून बिनपगारी शिक्षकाचं काम करून घेतलं आणि त्याला सहाध्यायी अध्ययन असं नाव दिलं. एकीची आई भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, तिला घरी आली की कंटाळा आला म्हणते." काय बोलणार? बावीस मुलांत रोज कुणीतरी वाट बघत बसतंच. कोण बसणार ते फिरतं ठेवायचं, एवढं मला अजून धड साधलेलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र काहीच कष्ट पडले नाहीत. तिसरीत एक मुलगा कानामागे मशीन लावून येतो. त्याला मी पहिल्या ओळीत बसवलं होतं, मोठ्यानं बोलत होते, तरी त्याचं अर्धं सुटायचं. पंधरवड्यानं येणाऱ्या विशेष शिक्षिका एक तास मागे बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही फळ्याशी बोलता मॅडम. तो तुमच्या तोंडाकडे बघतो, आणि तुम्ही लिहिता लिहिता पाठ करून बोलता." एवढंच. लिहायचं तेव्हा गप्प राहायचं, वळायचं, मग बोलायचं. सुरुवातीला जीभ सारखी वळवळायची. पण त्या गप्प बसण्यात मुलं फळ्यावरचं आधी स्वतः वाचायला लागली. ज्याच्यासाठी केलं त्याला झालाच, पण बाकीच्या एकवीस जणांनाही फायदा झाला, हे मी सांगायला गेले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. रोजचंच असावं त्यांना.

हंगाम कधी संपतो ते आम्हाला कुणी कळवत नाही. फड संपला की संपला. त्या वर्षी मार्चच्या शेवटी एका सकाळी बाटी-भाकरीच्या कागदाखाली टोळीतलं एकच मूल बसलेलं होतं, ती. बाकीचे ट्रॅक्टरवर सामान चढवायला थांबले होते. ती भावाला काखेत घेऊन तिचं कार्ड न्यायला आली होती. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या शाळेला कळावं की मूल कुठवर शिकलं. फाटकाबाहेर आई उभी होती, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी.

कार्डावरचे रकाने मी भरले. नाव, इयत्ता, हजर दिवस. आणि थांबले. पलीकडे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहायला लागले. टाचणवहीचं तेच अक्षर.

'मराठी चांगली बोलते. लगेच बोलणार नाही, घाई करू नये. बाटी म्हणजे भाकरी, चूक धरू नये. संख्या उलट लिहिली तर "चाळीस दोन" म्हणून बघावं. एकोणसाठ, एकोणसत्तर राहिलं आहे. पाचाच्या ढिगांनी मोजते, अचूक. जोडाक्षरं राहिली आहेत. भाऊ सोबत असतो, त्याला बसू द्यावं.'

जागा संपली. आईनं कार्ड घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "पास झाली का बाई?"

मी हो म्हटलं. तिनं ते आधार कार्डांच्या झेरॉक्समध्ये घालून पिशवीला गाठ मारली.